आठ बुद्धींची वाटणी

उत्तर बरोबर पण रीत चुकलेली, तर अर्धे गुण. हा माझा नियम सत्तावीस वर्षं चालत आलाय आणि त्यापायी निम्मं गाव माझ्यावर खार खाऊन आहे. शेजाऱ्याच्या वहीत डोकावून, बोटं मोजून, देवाचं नाव घेऊन, कसंही उत्तर आणलंत तरी मी रीत बघते. "गणितात कुणाचं तोंड बघत नाहीत," हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा बोललेय की पोरं माझी नक्कल करताना तेच म्हणतात, वर चष्मा नाकावर ओढल्यासारखंही करतात.

मी झुराकान. नारीन नदीच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथल्या शाळेत गणित शिकवते आणि उपमुख्याध्यापिकाही आहे. मुलं मला झुराकान एजे म्हणतात. इथे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात आणि शिकवणाऱ्या बाईलाही. पाठीमागे आणखी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्हा बत्तीस उपमुख्याध्यापकांना सरोवराकाठच्या आरोग्यधामात तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवायला राजधानी बिश्केकहून आयजारकिन नावाची मुलगी आली होती, असेल सव्वीस-सत्तावीसची. ती म्हणाली, आजवर आपण ज्याला बोलता येतं आणि हिशोब येतो त्यालाच हुशार म्हणत आलो. खरं तर बुद्धी आठ प्रकारची असते. शब्दांची, आकड्यांची, आकारांची, शरीराची, संगीताची, दुसऱ्याला ओळखण्याची, स्वतःला ओळखण्याची आणि निसर्गाची. "यातली एकही वरची नाही, एकही खालची नाही," असं तिने तीनदा सांगितलं आणि आम्ही तीनदा लिहून घेतलं.

मग मागच्या बाकावरून एका बाईंनी हात वर केला. "पण पहिली कुठली?"

"पहिली कुठलीच नाही, एजे."

"ते कळलं गं. पण कागदावर वर कुठली लिहायची?"

मी हसले नाही. खरं सांगते, मला ते सगळं पटलं होतं. आमच्या गावात एक पोरगा होता, त्याला मी तीन वेळा नापास केलं. आज माझी गाडी बंद पडली की त्याच्याच दारात जाऊन उभी राहते, आणि तो इंजिनाला कान लावून, मान तिरकी करून, कुठला भाग रडतोय ते सांगतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी मला तो आठवला. सत्तावीस वर्षांत असे किती जण मी तोडून टाकले असतील, असं मनात आलं. घरी परतताना मी वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं, प्रत्येक मूल हुशार असतं. आमच्या शाळेत हे लागू करायचंच, असा माझा निर्धार होता. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्याच उत्साहाने झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं.

नोव्हेंबरात प्रश्नपत्रिका आल्या. प्रत्येक मुलाला ऐंशी प्रश्न. 'तू संग्रहालयात जातोस का?' 'घरातल्या कुंडीतल्या रोपांशी बोलतोस का?' 'अनोळखी माणसांशी गप्पा मारायला आवडतात का?' आता आमच्याकडे मोठ्या माणसाने विचारलेल्या गोष्टीला नाही म्हणणं हा उद्धटपणा समजतात. पोरांनी कागद घरी नेले, आजी-आजोबांनी शेजारी बसून भरून घेतले आणि सगळीकडे 'हो' वर खूण करून सही ठोकली. दोनशे बारा मुलांच्या दोनशे बारा कागदांवर आठही बुद्धी काठोकाठ भरलेल्या. म्हणजे आमच्या एवढ्याशा गावात एकाच वेळी दोनशे बारा सर्वज्ञ नांदत होते आणि मला आजवर पत्ता नव्हता.

शिक्षण कार्यालयाच्या तक्त्यात मात्र प्रत्येक मुलापुढे एकच चौकोन होता. एका मुलाला एक बुद्धी, एक रंग, छातीवर एक बिल्ला. आकड्यांची बुद्धी पिवळी, निसर्गाची हिरवी, असे आठ रंग. बिल्ले खोक्यात भरून येऊन पडलेच होते.

आमचे मुख्याध्यापक मायरामकुल माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि स्वभावाने वाईट नाहीत, फक्त कुणाला नाराज करायचं म्हटलं की त्यांच्या पोटात कळ येते. ते कपाळाला हात लावून बसले. "एजे, हे दोनशे बारा बिल्ले वाटायचे कसे? एका घराला वाटलं की आपल्या पोराला कमी दिलं, तर उद्या सगळी बिरादरी दारात."

बोलता बोलता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर कालमुरात बायके फावड्याने कोळसा ओढत होते. मायरामकुल उठूनच उभे राहिले. "आपण पण काय वेडे आहोत! माणूस दारात आहे."

कालमुरात बायके थंडीत शाळा ऊबदार ठेवणारी आमची भट्टी सांभाळतात. वय सदुसष्ट; वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे मानाने बायके म्हणतात. पण गावात त्यांचा मान भट्टीमुळे नाही. आमच्याकडे मेजवानीला मेंढी शिजली की कुठलं हाड कुणापुढे ठेवायचं याला कायदा असतो. मुंडी कुणाला, सर्वांत मानाचं कमरेचं हाड कुणाला, मांडी कुणाला, फरा कुणाला, नळी कुणाला. वय बघायचं, नातं बघायचं, पाहुणा कुठून आला ते बघायचं. एखादा फरा भलत्याच माणसापुढे गेला म्हणून ठरलेली सोयरीक मोडलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. कालमुरात बायके चाळीस वर्षं हे वाटे करतायत आणि एकाही घरात चूल वेगळी झालेली नाही.

ते हात झटकत शिक्षकांच्या खोलीत आले. भिंतीवर आठ पाकळ्यांचं चित्र लावलं होतं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं.

"यात कमरेचं हाड कुठलं?" त्यांनी विचारलं.

"बायके, यात वरचं-खालचं काही नसतं," मायरामकुल म्हणाले. "सगळ्या बुद्धी सारख्या."

"बरं. आणि कमरेचं हाड?"

मायरामकुलनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं आणि बोट पिवळ्या पाकळीवर ठेवलं.

त्यानंतर दीड दुपारीत काम संपलं. मी नाव वाचायचे, मायरामकुल कुणाचं पोर ते सांगायचे आणि कालमुरात बायके डोळे मिटून रंग सांगायचे. पिवळा गेला जिल्ह्याचे अकीम एशेनकुल यांच्या मुलाला, बेक्तेमिरला. अकीम म्हणजे जिल्ह्याचा कारभार ज्यांच्या हातात, आणि ते आमच्याच गावचे. उरलेले थोडे पिवळे मुख्याध्यापकांच्या पुतण्याला, डॉक्टरांच्या जुळ्यांना आणि असेच. ज्यांचे आजोबा लग्नात उभे राहून भाषणं करतात त्यांना शब्दांची बुद्धी. पैलवानांच्या घराण्याला शरीराची. गावात जावई म्हणून राहायला आलेल्यांच्या पोरांना संगीत. "जावयाला मान द्यायचा, पण फार नाही," बायके म्हणाले. सुतार-गवंड्यांच्या पोरांना आकारांची, दुकानदारांच्या पोरांना दुसऱ्याला ओळखण्याची.

"आणि ही करडी?" त्यांनी विचारलं.

"स्वतःला ओळखण्याची," मी म्हटलं. "जो एकटा बसतो, आपल्याच मनाशी बोलतो, त्याची."

बायके डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले. "असं पोर कुणाचं असतं?"

 आई-बाप मॉस्कोला कुठे इमारतीवर, कुठे हॉटेलात भांडी घासायला गेलेत आणि पोरं आजीजवळ आहेत, अशी आमच्या शाळेत एक्केचाळीस मुलं. त्या एक्केचाळीस जणांना करडा बिल्ला गेला. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला त्यांची माणसं इथे होती कुठे?

शेवटी हिरवा उरला. तो मेंढपाळांच्या पोरांना गेला, आणि त्यात माझी बुरुल होती.

बुरुल सातवीत. बाप सातार डोंगरात दुसऱ्यांची मेंढरं राखतो, आई त्याच्याबरोबर असते आणि ही शाळेसाठी आजीकडे राहते. गेली दोन वर्षं मी तिला शाळा सुटल्यावर तासभर वेगळं शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, मी एक उदाहरण घालायचे आणि ती दोन रीतींनी सोडवून तिसरी माझ्याकडे मागायची. बिश्केकला गणिताची एक निवासी शाळा आहे. तिथल्या परीक्षेला प्रत्येक शाळेतून एकच नाव जातं, तेही सातवीच्याच मुलाचं. पुढच्या वर्षी नाही, मागच्या वर्षी नाही. एप्रिलातली परीक्षा गेली की संपलं. मी तिला शब्द दिला होता की नाव तिचंच जाईल.

तिचं नाव वाचलं आणि मायरामकुल म्हणाले, "सातार मेंढपाळाची."

"हिरवा," बायके म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. का मिटलं ते सांगते. हिरवा नको, पिवळा द्या, असं म्हणायचं तर हिरवा पिवळ्याच्या खाली आहे हे मला मोठ्याने म्हणावं लागलं असतं. आणि एकही वरची नाही, एकही खालची नाही, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं. शिवाय मनाची समजूत काढली, बिल्ला तो बिल्ला. तपासणीची माणसं बघून जातील, मग खोक्यात परत. अशा रीतीने सत्तावीस वर्षांचा माझा तोंडाळपणा नेमका त्या दुपारी संपावर गेला.

जानेवारीत कार्यालयाचा कागद आला. आमचा तक्ता जिल्ह्यात सर्वांत नीटनेटका ठरला होता, एकाही पालकाची तक्रार नाही. आणि खाली दुसरं कलम होतं. यापुढे कुठल्याही परीक्षेला वा स्पर्धेला नाव पाठवताना मुलाचा रंग त्या विषयाशी जुळला पाहिजे. गणिताला पिवळा.

मी तो कागद घेऊन मायरामकुलकडे धावले.

"एजे, आता कसं बदलणार? तक्ता वर गेलाय. आणि पिवळ्यातून नाव पाठवायचं तर बेक्तेमिर सोडून दुसऱ्याचं पाठवू? अकीमना काय तोंड दाखवू?"

"बेक्तेमिरला अपूर्णांक येत नाहीत हो!"

"हळू बोला. तुम्हीच तर सांगितलंत प्रत्येक मूल हुशार असतं म्हणून."

त्या दिवशी बुरुलला मी तासाला थांबवलं नाही. ती दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या स्वेटरवर हिरवा बिल्ला होता. तिला सगळं आधीच कळलं होतं. गावात कागद पोचण्याआधी बातमी पोचते.

"एजे, मला झाडांची नावं पण येत नाहीत," ती म्हणाली. "कुरणात बघते तेवढीच ओळखते. मग मी हिरवी कशी?"

मी म्हटलं, "तू घरी जा. मी बघते." आणि ती गेल्यावर मला इतकी लाज वाटली की खडू हातातच मोडला.

मी भट्टीच्या खोलीत गेले. कालमुरात बायके उलट्या बादलीवर बसून चहा पीत होते. मी त्यांच्यावर बरसलेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला दुसरी बादली उलटी करून दिली आणि कप भरला.

"माझी चूक काढू नकोस, झुराकान. तुम्ही मला पोर कुणाचं ते सांगितलंत. पोर काय करतं ते तुमच्यापैकी एकाने तरी सांगितलं का?"

मी कप खाली ठेवला.

"मग आता तुम्हीच बदला," मी म्हटलं. "तुम्ही वाटलंय, तुम्हीच परत घ्या."

"अगं, पाहुण्यापुढचं हाड उचलून दुसऱ्यापुढे ठेवलेलं बघितलंयस कधी? रक्त सांडेल." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण ज्याच्यापुढे ठेवलं, तो स्वतःच्या हाताने लहानाला देऊ शकतो. त्याला कुणी अडवत नाही. उलट म्हणतात, काय दिलदार घराणं!"

"अकीम देतील?"

"एकट्यात मागशील तर तुला दारातून घालवून देतील. साठ माणसांच्या पंगतीत मागायची पण गरज नाही."

मला ते कपटच वाटलं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. मार्चमध्ये शिक्षण कार्यालयाची तपासणी समिती येणार होती. मुलांनी आपापली बुद्धी त्यांच्यासमोर दाखवायची होती. मी विचार केला, त्यांनी बुरुलला एकदा डोळ्यांनी बघू दे, कानांनी ऐकू दे. मग कपट कशाला लागतंय?

समिती आली. प्रमुख म्हणजे सोन्याचे दात असलेले एक भारदस्त गृहस्थ होते, आणि बरोबर आमची आयजारकिन. सभागृहात आठ टेबलं मांडली होती. पिवळ्या टेबलाशी बेक्तेमिरने एक कोडं पाठ केलं होतं. मधली ओळ विसरला, तेव्हा मायरामकुल खोकले आणि खोकल्यात ती ओळ सांगितली. टाळ्या झाल्या. अकीम पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. बेक्तेमिर घामाने भिजला होता. मला त्याचीही दया आली.

हिरव्या टेबलावर वाळलेल्या वनस्पती, लोकर आणि बरणीत एक मरायला टेकलेला भुंगा. आयजारकिन बुरुलसमोर वाकली. "तुला मेंढ्या आवडतात?"

"मोजायला आवडतात," बुरुल म्हणाली.

"अरे वा! किती आहेत?"

"तीनशे एकोणतीस."

"एवढ्या सगळ्या तू एक-एक मोजतेस?"

"नाही. धावतात ना, मोजताना चुकतं. मी फाटकातून दोन-दोन सोडते आणि शेवटी किती उरल्या तेवढंच बघते. एक उरते. दुसऱ्या दिवशी तीन-तीन सोडते, दोन उरतात. मग पाच-पाच, चार उरतात. सात-सात सोडल्या की एकही उरत नाही. तीनशेच्या वर आणि चारशेच्या आत आहेत हे बाबांना दिसतंच. मग आकडा एकच बसतो. एक जरी लांडग्याने नेली तरी उरलेल्यांवरून कळतं."

 हे मी तिला शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं. फाटकाशी उभं राहून, थंडीत, तिने ते स्वतः काढलं होतं. माझा ऊर भरून आला. मी आयजारकिनकडे बघितलं. तिचेही डोळे पाणावले होते. मला वाटलं, जमलं!

"किती एकरूप झालीय ही मेंढ्यांशी!" ती समितीच्या प्रमुखांना म्हणाली. "एक जरी हरवली तरी हिला आतून कळतं!"

प्रमुखांनी वहीत लिहिलं. मी खांद्यावरून वाकून वाचलं. 'निसर्ग: अत्युत्तम.'

मी तडक व्हरांड्यात जाऊन बेक्तेमिरला कोपऱ्यात गाठलं. "तुला बिश्केकला परीक्षेला जायचंय?"

त्याचा चेहरा पडला. "एजे, मी तिथे जाऊन काय करू? पण बाबांना कोण सांगणार?"

"बाबा स्वतःच सांगतील. तू फक्त मी बोलत असताना मान हलव."

"आत्ताच घ्या ना," म्हणत तो बिल्ला काढायलाच लागला. त्याला दम द्यावा लागला की जेवण होईपर्यंत थांब.

जेवणाच्या खोलीत समितीच्या मेजवानीला साठ माणसं बसली होती. बुरुलला मी मुद्दाम पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला लावलं होतं. कालमुरात बायकेंनी परात आणली. मुंडी समितीच्या प्रमुखांपुढे, कमरेचं हाड अकीमांपुढे, शेपटाकडचं हाड गावातल्या सर्वांत वृद्ध आजींपुढे. आयजारकिनला काय द्यायचं यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि नळी दिली. प्रमुखांनी मुंडीचा कान कापून एका लहान पोराला दिला, मोठ्यांचं ऐकत जा म्हणून. मग एकेक जण उठून शुभेच्छा बोलू लागला आणि माझी पाळी आली.

 मी खोटं बोलायला उभी होते आणि मला त्याचा सराव नव्हता.

"एशेनकुल बायकेंच्या घराण्यात," मी सुरू केलं, "कुणी आपला वाटा एकट्याने खाल्ल्याचं या गावात कुणाला आठवतं का?"

"नाही, नाही," लोक म्हणाले. अकीम हसले.

"त्यांच्या वडिलांनी कडाक्याच्या हिवाळ्यात घरचं गवत सगळ्यांना वाटलं होतं. रक्तातच आहे ते. आज त्यांचा मुलगा बेक्तेमिर माझ्याकडे आला. म्हणाला, एजे, मला थोरला मान मिळाला, पिवळा बिल्ला मिळाला, बिश्केकच्या परीक्षेला माझं नाव ठरलं. पण वडील म्हणतात, ताटातला चांगला घास लहानाला द्यावा. बुरुल माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे, मेंढपाळाची पोर आहे. माझा वाटा मी तिला देतो."

अकीमांचा हात हाडावर थांबला. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा इतक्या जोराने मान हलवत होता की मला भीती वाटली, मोडून घेईल. मग अकीमांनी साठ माणसांकडे बघितलं. साठ माणसं कौतुकाने त्यांच्याकडे बघत होती. वृद्ध आजी तर डोळे पुसत होत्या. अकीम बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात कालमुरात बायकेंनी दोन्ही तळवे वर धरले.

"या घराण्याची भरभराट होवो, देणाऱ्याचा हात कधी रिता न राहो, ओमीन!" त्यांनी एका श्वासात आशीर्वाद म्हणून टाकला आणि साठ जणांनी तोंडावरून हात फिरवले. आता त्यात फेरफार करायची कुणाची छाती नव्हती. अकीमांनीही हात फिरवला. हात खाली आला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि मला वाटतं, ते खरंही होतं. त्यांनी मुलाच्या पाठीत एक जोरदार थाप मारली. "माझा पोरगा आहे!"

आयजारकिन उठून उभी राहिली. "हीच ती! दुसऱ्याला ओळखण्याची बुद्धी! किती खोल!" तिने पिशवीतून जांभळा बिल्ला काढून स्वतः बेक्तेमिरला लावला. मायरामकुलनी तिथल्या तिथे तक्त्यात दुरुस्ती केली आणि प्रमुखांनी तेलकट बोटांनी सही दिली.

आता बुरुल. ती पाण्याचं भांडं हातात धरून दाराशी उभी होती. बेक्तेमिरने काढलेला पिवळा बिल्ला तिच्यापुढे धरला गेला. साठ माणसं थांबली होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मानेने खुणावलं, घे. तिने भांडं खाली ठेवलं, बिल्ला दोन्ही हातांनी घेतला, अकीमांपुढे वाकून आभार मानले. अकीमांनी आपल्या हाडावरचा एक मोठा तुकडा काढून तिच्या तळहातावर ठेवला. तोही तिने खाल्ला. तिच्या मेंढ्यांबद्दल त्यानंतर कुणी एक शब्द काढला नाही.

एप्रिलातल्या एका सकाळी ती बिश्केकला निघाली. बापाला डोंगर सोडता येईना, म्हणून आजीने डोक्याला रुमाल बांधून बरोबर जायची तयारी केली होती. चौकात गाडी उभी होती आणि ड्रायव्हर अजून दोन उतारू मिळायची वाट बघत होता. मी बोरसोक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, पिशवीत बांधून आणले होते. आदल्या आठवड्यात तीन आया बुरुलच्या घरी येऊन गेल्या होत्या, आपल्या पोरांच्या कपाळाला तो पिवळा बिल्ला लावून घ्यायला. अकीमांच्या हातचा म्हणून.

"पेन दोन घेतलेस?" मी विचारलं.

"घेतले."

"घाई करू नकोस. पानावर रीत सगळी लिही. मनातल्या मनात सोडवून नुसतं उत्तर लिहायची तुला खोड आहे."

"हो, एजे."

मग तिने खिशातून पिवळा बिल्ला काढून माझ्या हातात दिला. "हा बेक्तेमिरला परत द्या."

"अगं, तिथे दारात विचारतील!"

"यादीत नाव आहे ना? मग दारात काय विचारायचं ते विचारू देत." तिच्या स्वेटरवर हिरवाच बिल्ला होता, सरळ, नीट लावलेला.

 मी म्हटलं, "रागावलीस माझ्यावर?"

तिने विचार केला. ती कुठल्याही प्रश्नाचा आधी विचार करते. "नाही. तुम्ही नसता तर नावच गेलं नसतं. पण एजे, तुम्ही म्हणायच्या ना, गणितात कुणाचं तोंड बघत नाहीत? त्या दिवशी सगळी अकीम बायकेंचंच तोंड बघत होती. तुम्ही पण." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "उत्तर बरोबर आलं. रीत चुकली. याला तुम्ही अर्धेच गुण देता."

ड्रायव्हरला उतारू मिळाले. आजी आधीच आत बसून हाका मारत होती.

"अर्धे तर अर्धे," मी म्हटलं. "बस लवकर. जागा जाईल."

ती खिडकीशी बसली आणि गाडी निघाली. मी शाळेत आले, सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या. पहिलीच वही बेक्तेमिरची होती. उत्तर बरोबर होतं आणि रीत शेजारच्या पोराची होती. मी लाल पेन उचललं आणि बराच वेळ तसंच हातात धरून बसले.